घराचा पत्ता आणि शाळेचे दार

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



अमेरिकेतील वर्णभेदाचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काही ठळक चित्रे उभी राहतात : गुलामगिरी, तिच्या निर्मूलनाशी निगडित असलेले यादवी युद्ध, अब्राहम लिंकन, आणि पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचा सत्याग्रही लढा. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हापासून या प्रश्नाशी मराठी मनाचे नाते जडले आहे. परंतु या इतिहासाचा एक भाग असा आहे की, ज्यात ना रणांगण आहे, ना मोर्चा. तो खरेदीखतांत, कर्जाच्या नियमावलींत, नगररचनेच्या नकाशांत आणि शाळा-मंडळांच्या हद्दींत दडलेला आहे. मुलाने कोणत्या शाळेत शिकावे, हे त्याच्या आईवडिलांना कोठे घर घेऊ दिले जाते यावरून कसे ठरत गेले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम तेथील शाळांची व्यवस्था ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेत शिक्षण ही मुख्यतः राज्यांची जबाबदारी असून राज्ये हे काम बहुतेक ठिकाणी स्थानिक शाळा-मंडळांकडे सोपवतात. प्रत्येक मंडळाची हद्द आखलेली असते आणि त्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना त्या मंडळाच्या शाळांत विनामूल्य प्रवेश मिळतो. हद्दीपलीकडची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असली, तरी तिच्यावर सामान्यतः हक्क सांगता येत नाही. शिवाय शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून येतो. ज्या वस्तीत घरे मोलाची, तेथे कमी दराच्या करातही शाळेची तिजोरी भरते. ज्या वस्तीत घरे स्वस्त, तेथे रहिवाशांनी अधिक दराने कर भरूनही ती रिती राहते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९६७-६८ साली एजवुड या मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या गरीब भागात कराचा दर अधिक होता. तरी सर्व मार्गांनी मिळून दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर उपलब्ध होते. त्याच शहरातील अलामो हाइट्स या सधन, मुख्यतः गौरवर्णीय भागात ती रक्कम ५९४ डॉलर होती. ही विषमता राज्यघटनेचा भंग करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तात्पर्य, घराचा पत्ता ठरला की शाळा ठरते, आणि बऱ्याच अंशी शाळेची ऐपतही ठरते.

शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा १७ मे १९५४ चा. ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, वर्णावरून वेगळ्या केलेल्या शाळा समान असू शकत नाहीत. खटल्याला ज्यांचे नाव मिळाले त्या ऑलिव्हर ब्राउन यांची कन्या लिंडा ही कॅन्सस राज्यातील टोपेका शहरात राहत होती. समनर ही शाळा तिच्या घराजवळ होती. पण ती गौरवर्णीय मुलांसाठी राखीव होती. म्हणून तिला रेल्वेच्या रुळांजवळून चालत जाऊन, पुढे बसने दूरच्या मनरो शाळेत जावे लागे. टोपेकात घर शाळेजवळच होते. मध्ये आड आला तो वर्ण. न्यायालयाने तो अडसर कायद्याच्या दृष्टीने दूर केला. परंतु उत्तरेकडील मोठ्या शहरांत परिस्थिती उलटी होती. तेथे शाळेच्या दारावर वर्णाची पाटी नव्हती. आड येत होते ते घर. या दुसऱ्या अडसराचे काय करायचे, हा प्रश्न १९५४ च्या निवाड्याने सुटला नव्हता, आणि तो आजही पुरता सुटलेला नाही.

हा अडसर आपोआप उभा राहिला, असे पुष्कळांना वाटते. माणसे आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे राहतात, त्याला कोण काय करणार, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण दप्तरातील कागद निराळेच सांगतात.

बाल्टिमोर शहराने १९१० साली कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहावे याचा ठराव केला आणि अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराचा असा ठराव सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केला. तेव्हा जे नगरपालिकेच्या ठरावाने करता येईना, ते खासगी खरेदीखतांतून होऊ लागले. हे घर कृष्णवर्णीयास विकणार नाही व भाड्याने देणार नाही, अशी अट खतात घातली जाई आणि ती पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक ठरे. शेजारी तिच्या अंमलासाठी न्यायालयात जात. अशा अटींचा अंमल न्यायालयांनी करू नये, असा निर्णय होण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

या दरम्यान संघराज्य सरकार स्वतः गृहकर्जाच्या क्षेत्रात उतरले होते. महामंदीत घरे लिलावात जाऊ लागली, म्हणून १९३३ साली गृहस्वामी कर्ज महामंडळ स्थापन झाले. त्याने दोनशेहून अधिक शहरांच्या वस्त्यांची प्रतवारी करून नकाशे रंगविले. हिरवा रंग सर्वोत्तम वस्तीचा, मग निळा, मग पिवळा, आणि सर्वांत धोक्याच्या वस्तीला तांबडा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सर्वत्र तांबड्या रंगात गेल्या. तथापि या महामंडळाने काही कृष्णवर्णीय घरमालकांनाही मदत केली होती. दाराला खरे कुलूप लागले ते १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या नियमांनी. हे प्रशासन स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवीत असे. पूर्वी घराची निम्मी किंमत रोख मोजावी लागे आणि उरलेली थोड्या वर्षांत फेडावी लागे. विम्याच्या आधाराने आता वीस टक्के रक्कम भरून उरलेली वीस वर्षांत फेडता येऊ लागली. नोकरदार अमेरिकन कुटुंब घरमालक झाले ते या सोयीमुळे. पण प्रशासनाच्या मूल्यांकन नियमावलीने मिश्र वस्तीतील घर हे जोखमीचे ठरविले आणि खरेदीखतात वर्णाची अट घालण्याची शिफारस केली. नियमावलीच्या १९३८ च्या आवृत्तीत शाळेचाही उल्लेख आहे. वस्तीतील मुलांना जर खालच्या सामाजिक थरातील किंवा न जुळणाऱ्या वंशाच्या मुलांचा मोठा भरणा असलेल्या शाळेत जावे लागत असेल, तर ती वस्ती कमी स्थिर व कमी इष्ट समजावी, असा त्याचा आशय आहे. घर आणि शाळा यांचा संबंध पुढे न्यायालयात नाकारला गेला. पण सरकारी अधिकाऱ्यांनी तो सोळा वर्षे आधी, म्हणजे ब्राउन निवाड्यापूर्वीच, लेखी मान्य केला होता.

याचा परिणाम कसा झाला हे मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात स्पष्ट दिसते. मोटारींच्या कारखान्यांमुळे भरभराटलेल्या या शहरात दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कामगार आले. १९२५ साली ओशियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरने गौरवर्णीय वस्तीत घर घेतले, तेव्हा त्याच्या घरावर जमाव चालून आला. १९४२ साली युद्धसाहित्य निर्माण करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांसाठी बांधलेल्या ‘सोजर्नर ट्रूथ’ या सरकारी वसाहतीत राहावयास जाणाऱ्यांना जमावाने अडविले, आणि अखेर सैनिकांच्या संरक्षणात त्यांनी गृहप्रवेश केला. शहराच्या उत्तर टोकाला ‘एट माइल’ रस्त्याजवळ कृष्णवर्णीयांची एक जुनी वस्ती होती. तिच्या शेजारी गौरवर्णीयांसाठी घरे बांधू पाहणाऱ्या एका व्यावसायिकाला कर्जाचा विमा नाकारण्यात आला, कारण शेजार जोखमीचा होता. त्याने १९४१ साली दोन वस्त्यांमध्ये सहा फूट उंचीची आणि सुमारे अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत बांधली, तेव्हा विमा मंजूर झाला. ती भिंत आजही उभी आहे. पुढे तिच्या दोन्ही अंगांना कृष्णवर्णीय कुटुंबेच राहू लागली आणि २००६ साली तिच्या एका भागावर रहिवाशांनी व कलावंतांनी चित्रे रंगविली.

महायुद्धानंतर शहराबाहेर नवी उपनगरे वसली. कर्ज, विमा आणि १९५६ च्या कायद्यानंतर झपाट्याने बांधले गेलेले महामार्ग या तिन्हींचा लाभ तेथे जाणाऱ्यांना झाला. शहराच्या मध्यभागी मात्र महामार्गासाठी आणि नगर-नवीकरणाच्या नावाखाली ‘ब्लॅक बॉटम’ ही जुनी कृष्णवर्णीय वस्ती आणि तिच्यालगतची हेस्टिंग्ज स्ट्रीटची बाजारपेठ भुईसपाट झाली. उपनगरांनी आपापली स्वतंत्र शाळा-मंडळे राखली. १९७०-७१ मध्ये डेट्रॉइट मंडळाच्या शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ६४ टक्के झाले होते, तर सभोवतालच्या बहुतेक उपनगरांत ते नगण्य होते.

एप्रिल १९७० मध्ये डेट्रॉइटच्या मंडळाने काही माध्यमिक शाळांच्या हद्दी बदलून मुलांची थोडी सरमिसळ करण्याची मर्यादित योजना मंजूर केली. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ती रोखली आणि योजनेला पाठिंबा देणाऱ्या मंडळ-सदस्यांना मतदारांनी परत बोलाविले. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयाची पायरी चढली. न्यायाधीश स्टीफन रॉथ यांच्यापुढे घरांविषयीचा पुरावा विस्ताराने मांडला गेला : खतांतील अटी, कर्जाचे नियम, दलालांचे संकेत. संघराज्य, राज्य व स्थानिक पातळीवरील सरकारी कृती आणि खासगी संस्थांची कृती यांनी मिळून निवासाचे विभाजन घडविले व टिकविले, असा निष्कर्ष रॉथ यांनी १९७१ साली काढला. केवळ शहरातील शाळांत मुलांची फेरवाटणी करून हा दोष जाणार नाही, म्हणून त्यांनी डेट्रॉइटसह ५३ उपनगरी मंडळांचा समावेश असलेली, सुमारे पावणेआठ लाख विद्यार्थ्यांना सामावणारी योजना आखण्याचा आदेश १९७२ साली दिला.

वरिष्ठ न्यायालयाने आदेशाचे मर्म उचलून धरले. परंतु आपण घरांविषयीच्या पुराव्यावर विसंबून नाही, असे नमूद केले. ही एक ओळ फार महाग पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा घरांचा प्रश्न विचारात घेण्याजोगा उरलाच नव्हता. २५ जुलै १९७४ रोजी ‘मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय झाला की, उपनगरी मंडळांनी स्वतः काही दोष केल्याचे सिद्ध झाल्यावाचून त्यांना योजनेत ओढता येणार नाही. बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी वेगळे मत लिहून, शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्राबल्य होण्याची कारणे अज्ञात आणि कदाचित अज्ञेय आहेत, अशा आशयाची टिप्पणी केली. ज्यांनी ब्राउन खटला वकील म्हणून लढविला होता ते थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी विरोधी मत नोंदविताना बजावले की, प्रत्येक महानगराची दोन शहरे होऊ देणे हा मार्ग आज सोपा वाटेल. पण अंती त्याचा पश्चात्ताप होईल.

निवाड्याचा व्यावहारिक अर्थ लोकांना लगेच उमजला. शहराची हद्द ओलांडून घर घेतले की सरमिसळीचा आदेश पाठलाग करणार नाही, आणि ते घर घेण्याची मुभा मुख्यतः एकाच वर्णाला दीर्घकाळ मिळाली होती. १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने घरविक्रीतील वर्णभेद बेकायदा ठरविला होता हे खरे. पण तोवर स्वस्त कर्जाने घेतलेल्या उपनगरी घरांच्या किमती चढल्या होत्या आणि मोठे भूखंड व एक-कुटुंबी घरे यांचीच परवानगी देणारे नगररचनेचे नियम वर्णाचा उल्लेख न करता तेच काम करीत होते. मिशिगनचे माजी राज्यपाल जॉर्ज रॉम्नी हे केंद्रात गृहनिर्माण मंत्री असताना त्यांनी उपनगरे सर्वांना खुली करण्यासाठी सरकारी अनुदानाचा दबाव आणून पाहिला. डेट्रॉइटलगतच्या वॉरन या उपनगराने १९७० साली त्याला कडवा विरोध केला, अध्यक्ष निक्सन यांनी मंत्र्याला पाठबळ दिले नाही, आणि प्रयत्न थांबला.

याउलट जेथे घर आणि शाळा यांचा एकत्र विचार झाला, तेथे काय घडले तेही पाहणे न्यायाचे होईल. ज्या लुईव्हिलचा ठराव १९१७ साली रद्द झाला होता, तेथे १९७५ साली शहर आणि सभोवतालचा परगणा यांची शाळा-मंडळे एक झाली आणि मुलांना बसने एकमेकांच्या भागांतील शाळांत नेण्याची योजना सुरू झाली. प्रारंभी दंगेधोपे झाले. पण परगण्यात कोठेही घर घेतले तरी शाळा-मंडळ तेच, म्हणून पळून जाण्यात फारसा अर्थ उरला नाही, आणि तेथील शाळा दीर्घकाळ देशातील सर्वांत मिश्र शाळांत गणल्या गेल्या. मुलांची शाळा ठरविताना प्रत्येकाचा वर्ण मोजण्याच्या तेथील पद्धतीला सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मनाई केली. त्यानंतर मंडळाने वस्तीची आर्थिक व सामाजिक स्थिती पाहून योजना चालू ठेवली.

शिकागोत सरकारी घरे केवळ कृष्णवर्णीय वस्त्यांतच बांधण्याविरुद्ध डोरोथी गॉट्रो आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली दावा लावला. त्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने घरांच्या बाबतीत शहराबाहेरील उपनगरांपर्यंत उपाय नेण्यास संमती दिली. दोनच वर्षांपूर्वी शाळांच्या बाबतीत जी सीमा ओलांडू दिली नव्हती, ती घरांच्या बाबतीत ओलांडता आली. हजारो कुटुंबांना भाड्याची मदत मिळून ती उपनगरांत गेली आणि त्यांची मुले तेथल्या शाळांत शिकली.

सर्वांत बोलका दाखला मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी परगण्याचा. तेथे १९७४ पासून मोठी वसाहत उभारणाऱ्या व्यावसायिकाने ठराविक हिस्सा माफक किमतीच्या घरांसाठी ठेवावा, असा नियम आहे. त्यांतील एक तृतीयांशापर्यंत घरे परगण्याची गृहनिर्माण संस्था विकत घेऊन गरीब कुटुंबांना भाड्याने देऊ शकते. घर कोणाला कोठे मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरत असे. त्यामुळे निवडीचा पक्षपात नव्हता. संशोधिका हेदर श्वार्ट्झ यांनी अशा सुमारे ८५० प्राथमिक विद्यार्थ्यांच्या २००१ ते २००७ या काळातील प्रगतीचा अभ्यास करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. परगण्याने गरीब मुलांची संख्या अधिक असलेल्या शाळांना जादा पैसा दिला होता, वर्गांतील पटही लहान ठेवला होता. तरीही सधन वस्तीतील शाळेत गेलेल्या गरीब मुलांनी त्या शाळांतील गरीब मुलांना मागे टाकले. प्राथमिक शिक्षण संपता संपता सधन मुलांपासूनचे त्यांचे अंतर गणितात निम्म्याने आणि वाचनात एक तृतीयांशाने घटले होते. हे साधले ते शाळा-मंडळाच्या ठरावाने नव्हे, तर गृहनिर्माणाच्या नियमाने.

या विवेचनातून एक गैरसमज होऊ नये. गौरवर्णीय मुलांच्या शेजारी बसल्यानेच कृष्णवर्णीय मूल शहाणे होते, असा याचा अर्थ नाही. दक्षिणेत ब्राउन निवाड्यानंतर अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या चांगल्या शाळा बंद झाल्या, त्यांचे निष्ठावंत शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीला मुकले. एकत्रीकरणाची किंमत पुष्कळदा एकाच बाजूने मोजली. म्हणूनच त्या समाजातील काही विचारवंत मुलांना दूर नेण्याऐवजी आपल्याच वस्तीतील शाळा सुसज्ज करा, असे म्हणत आले. त्या म्हणण्यात बळ आहे. पण शाळा सुसज्ज करण्यासाठी लागणारा पैसाही ज्या घरपट्टीतून यायचा, ती घरे सरकारी नकाशाने निर्मोल ठरविली होती, हे विसरून चालत नाही.

या प्रश्नाचे मर्म समजण्यासाठी मराठी श्रोत्याला फार दूर जावे लागत नाही. जात आणि वर्ण या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांचा इतिहास वेगळा आहे. तरीही गावकुसाबाहेरची वस्ती आणि शाळेच्या ओट्याबाहेर बसविलेले मूल यांचा संबंध येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. करारानुसार नोकरीसाठी ते १९१७ साली बडोद्यास आले, तेव्हा त्या विद्याविभूषित तरुणाला शहरात कोणी घर देईना. पारशी नाव धारण करून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. सयाजीराव महाराजांच्या उदारतेने विद्यापीठाचे दार उघडले होते. घराचे दार उघडण्यास ती अपुरी पडली. लुईव्हिलचा निवाडा त्याच १९१७ सालचा. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, तो या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

डेट्रॉइटच्या शाळा कशा विभागल्या गेल्या हे अज्ञेय नव्हते. नियमावलीचे परिच्छेद, खतांतील अटी, मंजूर झालेले विमे, हे सारे सही-शिक्क्यानिशी उपलब्ध होते. न्यायालयाने ते बाजूला ठेवले म्हणून त्या विभाजनाला नैसर्गिकतेचा आभास आला. जे लेखणीने घडविले ते लेखणीने मोडता येते, हे माँटगोमेरीने मर्यादित प्रमाणात दाखविले आहे. मात्र त्यासाठी शाळेचा प्रश्न शिक्षणखात्याकडे आणि घराचा प्रश्न नगररचनाखात्याकडे, अशी वाटणी करून भागत नाही. नवी वसाहत कोठे होते, तीत कोणाला जागा मिळते आणि तिच्या हद्दीत कोणती शाळा येते, हे तीन प्रश्न एकाच बैठकीत विचारावे लागतात.

सर्वांना मुक्तद्वार असलेल्या ज्ञानमंदिराची शंभर वर्षे साजरी होत असताना या विषयाचा विचार व्हावा, हे उचितच आहे.